मॅटरहॉर्नची धार आणि तिच्यावरचा दहा जणांचा निवारा

टोब्लेरोन चॉकलेटच्या वेष्टनावर वर्षानुवर्षं जो टोकदार डोंगर दिसायचा, तो स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवरचा मॅटरहॉर्न. काही उत्पादन स्लोव्हाकियात हलवायचं ठरलं, तेव्हा स्विस नियमांमुळे २०२३ मध्ये कंपनीला तो डोंगर वेष्टनावरून काढावा लागला. २०२० च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दिवसांत, याच डोंगरावर रात्री प्रकाशझोतांनी तिरंगा उमटवला होता. तो फोटो आपल्याकडे कित्येकांच्या फोनवर फिरला. तेव्हा नाव ठाऊक नसलं, तरी हा डोंगर आपण पाहिलेला असतो.

पायथ्याच्या झेरमाट या स्विस गावातून पाहिलं की डोंगराचे दोन उतार समोर येतात. डावीकडचा सकाळच्या उन्हात न्हालेला असतो, उजवीकडचा सावलीत काळा दिसतो. या दोघांच्या मधून माथ्यापासून थेट आपल्या दिशेने उतरणारी जी वेडीवाकडी रेघ आहे, ती हॉर्नली धार. माथा ४४७८ मीटरवर आहे. धारेच्या पायथ्याशी ३२६० मीटरवर हॉर्नली हट हे गिर्यारोहकांच्या मुक्कामाचं घर आहे आणि धारेच्या अंगावरच, ४००३ मीटरवर, सॉल्वे नावाची लाकडी खोली. तिच्यात दहा जण झोपू शकतात. पहिली भरपूर वर्दळीची जागा आहे. दुसऱ्या जागी शक्यतो कुणी जाऊच नये अशी अपेक्षा असते, आणि ती बांधली मात्र मुद्दाम. हे समजायचं तर आधी ती धार कशी झाली ते बघायला हवं, कारण धारेचा स्वभाव कळल्याशिवाय तिच्यावर घर का लागतं ते कळत नाही.

आधी दगड, मग बर्फ

मॅटरहॉर्नचा खडक एकाच घराण्यातला नाही. खाली, पायथ्याकडे, एका जुन्या समुद्राच्या तळाचे खडक आहेत. वरचा सुळका मात्र त्या समुद्राच्या पलीकडच्या भूखंडाचा, म्हणजे आफ्रिकेच्या बाजूच्या प्लेटचा आहे. तो समुद्र मिटत गेला, दोन्हीकडचे भूभाग एकमेकांवर चढले आणि पलीकडचा खडक समुद्रतळाच्या डोक्यावर येऊन बसला. झेरमाटमध्ये पर्यटकांना ‘वरचा भाग आफ्रिकेचा’ असं सांगतात. थोडं मीठमसाला लावलेलं विधान आहे, पण मुळात खोटं नाही. भूशास्त्रज्ञ त्या तुकड्याला आफ्रिकेपासून सुटलेली छोटी प्लेट म्हणतात, एवढाच फरक.

पण दगडांच्या या चढाओढीने फक्त उंची दिली. आकार दिला तो हिमनद्यांनी, आणि तोही भूशास्त्राच्या हिशेबात अगदी अलीकडे, हिमयुगांच्या काळात.

हिमनदी डोंगराला कशी कोरते? डोंगराच्या कुशीत एखाद्या खोलगट जागी बर्फ साठतं, वरचा बर्फ खालच्याला दाबतो, त्याचं घट्ट, सरकणारं ओझं होतं. ते सरकताना तळाचे दगड उपटून नेतं, आणि मागच्या भिंतीच्या पायथ्याचाही आधार काढून घेतं. आधार गेला की वरचा खडक कोसळतो, कोसळलेला माल बर्फ पुढे वाहून नेतं, आणि भिंत मागे मागे सरकते. आता डोंगराच्या दुसऱ्या बाजूलाही हेच चाललं आहे अशी कल्पना करा. दोन्ही भिंती पाठीला पाठ लावून एकमेकींकडे सरकत येतात. मधे उरतो तो अरुंद खडक, म्हणजे धार. तीन-चार बाजूंनी असं कोरलं गेलं की धारा जिथे एकत्र येतात तिथे सुळका उभा राहतो. मॅटरहॉर्नला चार बाजू आणि चार धारा आहेत: हॉर्नली, फुर्गेन, लायन आणि झ्मुट. म्हणजे आपण ज्याला शिखर म्हणतो ते खरं तर उरलंसुरलं आहे. बाकीचा डोंगर हिमनद्यांनी नेला.

धारेचे दात कसे पडतात हा पुढचा प्रश्न. शाळेत आपण शिकतो की पाणी गोठलं की साधारण ९ टक्क्यांनी फुगतं, आणि फटीत गोठलं तर दगड फोडतं. ते बरोबर आहे, पण त्याने सगळा उलगडा होत नाही. फट वरून उघडी असेल तर फुगणारं बर्फ बाहेर सरकू शकतं. खडक फोडण्यात मोठा वाटा असतो तो दुसऱ्या एका प्रक्रियेचा. शून्याखाली तापमान गेलं तरी दगडाच्या बारीक छिद्रांत थोडं पाणी न गोठता राहतं, आणि ते आधीच गोठलेल्या बर्फाकडे ओढलं जातं. बर्फाचा थर त्यामुळे हळूहळू जाड होत जातो आणि फट रुंदावतो. हे काम उणे ३ ते उणे ८ अंशांच्या दरम्यान सगळ्यात जोरात चालतं. फार थंडी पडली तर पाणी हलायचं थांबतं, फार ऊब असली तर बर्फच नसतं. त्यामुळे नुसती कडाक्याची थंडी डोंगर फोडत नाही. दीर्घकाळ टिकणारी मध्यम थंडी आणि सोबत थोडं पाणी, ही जोडी जास्त घातक.

आता खडकात मुळातच भेगा असतात आणि त्या सगळीकडे सारख्या नसतात. जिथे दाट, तिथे खडक लवकर झिजून खाच पडते. जिथे विरळ, तिथे बुरूज उभा राहतो. धार करवती दिसते ती यामुळे. आणि हेच गिर्यारोहकाने लक्षात ठेवायचं असतं: तो ज्या बुरजाला हात घालतोय तो टिकलेला खडक आहे, पण त्याच्या शेजारची खाच म्हणजे नुकतंच काही पडून गेल्याची जागा. हॉर्नली धारेवरचा खालचा बराच रस्ता खिळखिळ्या दगडांतून जातो. फोटोत ती अखंड दगडाची वाटते. जवळून ती एकावर एक रचून ठेवलेल्या, कुठे कुठे हलणाऱ्या तुकड्यांची आहे.

व्हिंपरने काय पाहिलं

धार इतकी खिळखिळी, तर तिच्यावरूनच का चढायचं? शेजारी एवढा रुंद उतार आहे.

कारण सुटलेला दगड धारेवर थांबत नाही. तो दोन्ही अंगांनी खाली जातो. उतारावर आणि विशेषतः घळींमध्ये वरचा सगळा माल येऊन पडतो, धारेवर मात्र डोक्यावर कमी डोंगर असतो. म्हणून आल्प्समधल्या जुन्या वाटा बहुतेक धारांवरून गेल्या. सरळ भिंती चढण्याचं धाडस नंतरचं. मॅटरहॉर्नची उत्तर भिंत १९३१ मध्ये फ्रान्झ आणि टोनी श्मिड या म्युनिकच्या भावांनी चढली, आणि ते तर झेरमाटपर्यंत सायकलवरून आले होते.

पण चार धारांपैकी कोणती? इथे एडवर्ड व्हिंपरची गोष्ट येते. तो लंडनचा लाकडी ठशांवर चित्रं कोरणारा कारागीर. १८६० मध्ये चित्रं काढायच्या कामासाठी आल्प्समध्ये आला आणि मॅटरहॉर्नच्या नादी लागला. तेव्हा सगळ्यांचं मत असं की झेरमाटकडून डोंगर अशक्य आहे, जमलं तर इटलीकडून जमेल. व्हिंपरनेही १८६१ पासून इटलीच्या बाजूने, लायन धारेवरून, पुन्हा पुन्हा प्रयत्न केले आणि प्रत्येक वेळी त्याला माघारी यावं लागलं.

मग त्याने दोन गोष्टी हेरल्या. एक म्हणजे नजरेचा खेळ. झेरमाटहून पूर्वेचा उतार समोरून दिसतो, आणि समोरून पाहिलेला कोणताही उतार आहे त्यापेक्षा खडा वाटतो. बाजूने पाहिल्यावर तो बराच सौम्य निघाला. दुसरी गोष्ट खडकाच्या थरांची. मॅटरहॉर्नचे थर आडवे नाहीत, ते इटलीच्या दिशेने, नैर्ऋत्येकडे कललेले आहेत. कौलारू छपरावर उतरत्या बाजूने चढायचा प्रयत्न केला तर पाय खाली घसरतो, कारण प्रत्येक कौल बाहेर कललेलं असतं. इटलीच्या बाजूला डोंगर तसा आहे. त्याच थरांची तुटकी टोकं झेरमाटच्या बाजूला निघतात तेव्हा त्यांचा कल डोंगराच्या आत असतो, म्हणजे पाय ठेवला की तो आत टेकतो. दुरून भिंत दिसणारी बाजू जवळून ओबडधोबड पायऱ्यांची होती.

मला या सगळ्या इतिहासातला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. त्याच डोंगराकडे डझनभर पट्टीचे गिर्यारोहक पाहत होते. थरांचा कल कुणी लपवलेला नव्हता.

१३ जुलै १८६५ ला आठ जण झेरमाटहून निघाले. त्यातला एक दुसऱ्या दिवशी परत फिरला, पुढे गेले ते सात: व्हिंपर, चार्ल्स हडसन, डग्लस हॅडो, लॉर्ड फ्रान्सिस डग्लस, शामोनीचा गाईड मिशेल क्रोझ, आणि झेरमाटचे पीटर टाउगवाल्डर बापलेक. हट वगैरे काही नव्हतं. सुमारे ३३५० मीटरवर त्यांनी तंबू टाकला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माथा गाठला. उतरताना, माथ्याखालच्या अवघड भागात, एकोणीस वर्षांचा हॅडो घसरला आणि क्रोझवर आदळला. त्यांच्या ओढीने हडसन आणि डग्लसही गेले. डग्लस आणि थोरला टाउगवाल्डर यांच्यामधला दोर तुटला. चौघं उत्तर भिंतीवरून खाली कोसळले, तिघं वाचले. डग्लसचा मृतदेह कधीच सापडला नाही. तुटलेल्या दोराचा तुकडा आजही झेरमाटच्या संग्रहालयात ठेवलेला आहे. तो सोबतच्या दोरांपैकी सर्वात कमजोर होता, आणि तोच नेमका तिथे का बांधला यावर तेव्हापासून आजवर वाद चालले आहेत. चौकशीत टाउगवाल्डर निर्दोष ठरला. इटलीच्या बाजूने तिथला गाईड जाँ-आंत्वान कारेल त्याच दिवशी चढत होता. तो तीन दिवसांनी, १७ जुलैला, लायन धारेवरून माथ्यावर पोचला. त्या धारेवर ३८३० मीटरवर जी हट आहे तिला त्याचं नाव आहे.

घड्याळासाठी बांधलेलं घर

स्विस आल्पाइन क्लब १८६३ मध्ये स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्याने ट्योडी शिखराजवळ आपली पहिली हट उभी केली. म्हणजे क्लब आणि हट ही जोडी सुरुवातीपासूनची. आज त्या एका क्लबच्या दीडशेहून अधिक हट आहेत. हॉर्नलीवरची हट १८८० ची. आता तिची मालकी झेरमाटच्या स्थानिक मंडळाकडे आहे.

हट म्हणजे डोंगरातलं हॉटेल नव्हे, जरी हॉर्नली हट आताशा त्याच्या बरीच जवळ गेली आहे. तिचं खरं काम अंतर कमी करायचं. झेरमाट साधारण १६०० मीटरवर आहे. तिथून माथा गाठून एका दिवसात परत येणं बहुतेकांना शक्य नाही. हटवरून निघालं की चढ १२१८ मीटरचा उरतो. ठणठणीत तब्येतीच्या माणसाला, सोबत गाईड असताना, चढायला चार ते पाच तास लागतात आणि उतरायला जवळपास तेवढेच. आपल्याकडे ट्रेकला ‘उतरताना काय, धावत येऊ’ म्हणायची सवय असते. हॉर्नली धारेवर ते चालत नाही. उतरतानाही हातपाय लावूनच यावं लागतं, दगड तेच असतात आणि पायांतली ताकद संपलेली असते. पहिल्या चढाईतला अपघातही उतरतानाच झाला.

बाकीचा सगळा हिशेब दुपारचा आहे. उन्हाळ्यात आल्प्समध्ये सकाळ निरभ्र असते, दुपारनंतर ढग फुगतात आणि विजांचा पाऊस येतो. धारेवर उभा असलेला माणूस आसपासच्या सगळ्यात उंच जागी असतो. शिवाय ऊन चढलं की रात्री गोठून बसलेले दगड सुटायला लागतात. म्हणून पहाटे साडेतीन-चारच्या सुमारास डोक्यावर दिवे लावून रांग निघते. या रांगेचा क्रमही ठरलेला आहे: आधी झेरमाटचे गाईड आपापल्या पाहुण्याला घेऊन, मग बाहेरचे गाईड, आणि शेवटी गाईड न घेता आलेले. ऐकायला मक्तेदारी वाटते, आणि थोडी आहेही. पण त्यामागे एक धडधडीत व्यवहार आहे. अंधारात वाट ओळखणं हा या चढाईतला मोठा अवघड भाग. खालच्या टप्प्यात वाट धारेच्या अगदी माथ्यावरून जात नाही, ती बरीचशी डाव्या अंगाने, पूर्व उतारावरून वळणं घेत जाते. जरा चुकलं की माणूस त्या उतारावरच्या सैल दगडांत अडकतो, तिथून सुटताना वेळ जातो आणि त्याच्या पायाखालचे दगड खालच्यांवर जातात. वाट पाठ असलेले पुढे असले की मागच्यांना निदान दिवे दिसतात.

या धारेवर एका गाईडसोबत एकच पाहुणा असतो. सगळे एकाच वाटेने चढतात आणि त्याच वाटेने उतरतात. त्यामुळे संथ माणूस फक्त स्वतः उशिरा पोचत नाही, तो इतरांनाही अडवून ठेवतो.

आता सॉल्वेकडे येऊ. अर्नेस्ट सॉल्वे हा बेल्जियमचा उद्योगपती, सोडा बनवण्याच्या पद्धतीवर श्रीमंत झालेला. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्याचं नाव वेगळ्या कारणाने माहीत असतं: आइनस्टाइन, मेरी क्युरी, प्लांक यांना एकत्र आणणाऱ्या सॉल्वे परिषदा त्याच्याच पैशातून १९११ मध्ये सुरू झाल्या. त्याला आल्प्सची ओढ होती. वादळात धारेवर अडकणाऱ्यांसाठी काहीतरी असावं म्हणून त्याने पैसे दिले आणि १९१५ मध्ये धारेच्या एका अरुंद सपाटीवर ही खोली उभी राहिली. हिच्या लगेच खाली आणि लगेच वर दोन गुळगुळीत कातळ लागतात. त्यांना मोझली यांचं नाव आहे. हे बॉस्टनचे डॉक्टर १८७९ मध्ये इथे कोसळून गेले.

खोलीत दहा बिछाने आणि मदत मागायची सोय आहे. व्यवस्थापक नाही, जेवण नाही, पाणी नाही. नियम एकच: अडचणीत सापडलात तरच रहा. चढाईचा बेत आखताना ‘एक रात्र सॉल्वेत’ असं धरायचं नाही.

हा नियम पहिल्यांदा वाचला की कोरडा वाटतो. एवढ्या उंचावर घर बांधलंय आणि वापरू नका म्हणता? पण जरा हिशेब करा. चांगल्या हवेच्या दिवशी या धारेवर दहापेक्षा कितीतरी जास्त माणसं असतात. त्यातल्या आठ जणांनी ठरवूनच तिथे मुक्काम टाकला आणि रात्री वादळात जखमी माणसाला घेऊन कुणी आलं, तर त्याला जागा कुठे? शिवाय वर राहायचं ठरवलं की सामान वाढतं: झोपायची पिशवी, चूल, पाणी, जास्तीचं खाणं. सामान वाढलं की वेग कमी होतो, आणि मग खरोखरच वर राहायची वेळ येते. निवारा आहे या भरवशावर उशिरा पुढे जाणं, हा सॉल्वेमुळे निर्माण झालेला धोका आहे. अशा जागा माणसाला वाचवतात आणि त्याच वेळी त्याची भीड चेपतात. दोन्ही खरं आहे, आणि माझं मत विचाराल तर तरीही ती खोली असावी.

गाईड लोक मात्र सॉल्वेचा रोज वापर करतात, आत न जाता. हटवरून निघाल्यापासून तिथे पोचायला किती वेळ लागला हे ते बघतात. अडीच तासांच्या आसपास पोचलात तर पुढे. तीन तास उलटले तर बहुतेक गाईड पाहुण्याला तिथूनच मागे फिरवतात, पैसे पूर्ण भरलेले असले तरी. सॉल्वेपासून माथा फक्त ४७५ मीटर वर आहे, आणि हवा स्वच्छ असते, आणि समोर शिखर दिसत असतं. तेव्हा परत फिरायला सांगणं हेच त्या पेशातलं सगळ्यात कठीण काम असावं. वरच्या भागात, खांद्यासारख्या उंचवट्यानंतर, जाड दोर कायमचे लावलेले आहेत आणि त्यांना धरून चढतात. त्यापुढे बर्फाचा उतार, मग माथा. १८६५ पासून या डोंगरावर ५०० हून अधिक माणसांचा जीव गेला आहे.

२०१५ मध्ये पहिल्या चढाईला दीडशे वर्षं झाली. त्यासाठी हॉर्नली हट दोन वर्षं खपून नव्याने बांधली. खाटा १७० वरून १३० वर आणल्या, म्हणजे धारेवरची गर्दीच कमी व्हावी. आजूबाजूला तंबू टाकायलाही बंदी केली. आणि १४ जुलै २०१५ ला, दीडशेव्या वर्षीच्या त्याच तारखेला, गेलेल्यांच्या आठवणीसाठी मॅटरहॉर्नवर कुणालाही चढू दिलं नाही.

खडक सांधून ठेवणारं बर्फ

आतापर्यंत बर्फ फोडणारं होतं. आता उलटी बाजू.

या उंचीवर खडकाच्या आत, भेगांमध्ये, वर्षभर न वितळणारं बर्फ असतं. जमीन किंवा खडक सलग दोन वर्षं शून्याखाली राहिला तर त्याला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. वरचा पातळ थर उन्हाळ्यात वितळतो, आतला गोठलेलाच असतो. ज्या बर्फाने भेग रुंद केली, तेच बर्फ सुटलेल्या तुकड्यांना जागेवर धरूनही ठेवतं. धार इतकी तुटकी असूनही उभी आहे, त्याचं एक कारण हे.

१५ जुलै २००३ ला, त्या वर्षीच्या युरोपातल्या भीषण उष्णतेत, हॉर्नली धारेवर सुमारे ३४०० मीटरवर एक मोठा भाग सुटून पडला. वर असलेल्या गिर्यारोहकांची उतरायची वाटच बंद झाली आणि हेलिकॉप्टरने त्यांना काढावं लागलं. जखमेसारख्या उघड्या पडलेल्या त्या जागी लोकांना चकाकणारं बर्फ दिसलं. आतलं सांधणारं बर्फ कमकुवत झाल्याचा हा धडधडीत पुरावा होता.

त्यानंतर झ्युरिकच्या संशोधकांनी त्याच जागेजवळ, ३५०० मीटरवर, खडकात आणि भेगांवर यंत्रं बसवली. २००८ पासून ती भेगांची रुंदी आणि तापमान मोजून बिनतारी खाली पाठवताहेत. त्यातून कळलेली गोष्ट सुरेख आहे. बहुतेक भेगा श्वास घेतल्यासारख्या वागतात: हिवाळ्यात खडक आकसतो आणि भेग उघडते, उन्हाळ्यात खडक प्रसरण पावतो आणि ती मिटते. हे दरवर्षी होतं आणि त्याची फारशी काळजी नाही. काळजी आहे ती काही भेगांमध्ये उन्हाळ्यात होणाऱ्या दुसऱ्या हालचालीची. ती परत मागे येत नाही. वितळलेलं पाणी भेगेत खोल शिरतं, सोबत उष्णता नेतं, आणि आतल्या बर्फाला मऊ करतं.

आणि यासाठी बर्फ पूर्ण वितळायचीही गरज नसते. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत दिसलंय की उणे दीड अंश ते शून्य या पट्ट्यात बर्फाने सांधलेली भेग सगळ्यात अशक्त असते. गोठलेल्या दोन खडकांची एकमेकांवरची घट्ट पकडही नाही आणि वितळल्यावर दगडावर दगड घासून मिळणारा आधारही नाही, अशी मधली अवस्था. त्यामुळे उणे पाचवरून उणे एकवर गेलेली धार, थर्मामीटर अजून शून्याखाली असला, तरी धोक्यात आलेली असते.

धारेचा आकारही इथे तिच्या विरोधात जातो. सपाट जमिनीत उष्णता फक्त वरून शिरते. धारेत ती दोन्ही अंगांनी शिरते आणि मधे भेटते. जितकी धार अरुंद, तितकी ती लवकर तापते.

मॅटरहॉर्न डोलतोही, बरं का. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार अख्खा डोंगर साधारण दर दोन-अडीच सेकंदांना एकदा अगदी किंचित पुढेमागे होतो. दूरच्या भूकंपांच्या आणि समुद्राच्या लाटांच्या कंपनांनी तो सतत हलत असतो, आणि ती हालचाल पायथ्यापेक्षा माथ्यावर चौदा पटीपर्यंत जास्त असते. डोळ्यांना काही दिसत नाही. पण खडकांच्या भेगांना मोठ्या भूकंपात याचा फरक पडेल.

२००३ ची घटना एकटी नाही. शामोनीजवळच्या द्रू शिखराचा प्रसिद्ध बोनात्ती स्तंभ २००५ मध्ये कोसळला. स्वित्झर्लंडमधल्या पित्झ चेंगालो शिखरावरून २३ ऑगस्ट २०१७ ला सुमारे ३० लाख घनमीटर खडक पडला, आठ ट्रेकर मृत्युमुखी पडले आणि खालच्या बोंडो गावापर्यंत चिखल-दगडांचा लोंढा आला. प्रत्येक कोसळण्याचा दोष तापमानावर टाकणं घाईचं आहे, डोंगर पूर्वीही पडायचे. पण उष्ण उन्हाळ्यांत उंचावरची पडझड वाढते, हे आल्प्समध्ये पुन्हा पुन्हा नोंदलं गेलंय. स्वित्झर्लंडवर शून्य अंशाची रेषा, म्हणजे ज्या उंचीवर हवेचं तापमान शून्यावर येतं ती पातळी, ऑगस्ट २०२३ मधल्या एका रात्री ५२९८ मीटरवर मोजली गेली. मॅटरहॉर्नच्या माथ्याच्याही आठशे मीटर वर. म्हणजे त्या रात्री सभोवतालच्या मोकळ्या हवेत पूर्ण डोंगर शून्याच्या वरच्या तापमानात होता.

हटवरच याचा पहिला घाव बसतो. त्या बहुतेक अशाच धारांवर, खांद्यांवर, मोक्याच्या सपाट्यांवर आहेत आणि पाया गोठलेल्या खडकात. माँ ब्लाँच्या बाजूच्या कोस्मिक हटखालून १९९८ मध्ये खडक निसटला आणि पाया मजबूत करावा लागला. स्विस आल्पाइन क्लबची मुटहॉर्न हट २०२१ मध्ये बंद करावी लागली, कारण वरचा डोंगर हलू लागला होता. पाण्याचा प्रश्न त्याहून साधा आणि त्याहून व्यापक आहे. हटना पाणी मिळतं ते वरच्या हिमक्षेत्रातून वितळून. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्विस हिमनद्यांचं १० टक्के आकारमान गेलं. हिमाचा पट्टा संपला की टाकी रिकामी. मग हेलिकॉप्टरने पाणी आणा, नाहीतर हंगाम लवकर आवरा.

जुलै २०२२ मध्ये दोन्ही देशांच्या गाईडांनी काही काळ मॅटरहॉर्नवर लोकांना नेणंच थांबवलं. यंत्रं भेग किती उघडली ते सांगतात. ती कोणत्या दिवशी सुटेल ते सांगत नाहीत. त्यामुळे तो निर्णय अजूनही सकाळी धार बघून, आदल्या रात्री खडक गोठला की नाही हे पाहून, माणसंच घेतात.

चढायचं नसेल तरी

हे सगळं जवळून बघायला दोर बांधावा लागत नाही, हे बऱ्याच पर्यटकांना माहीत नसतं. आपल्याकडचे ग्रुप झेरमाटला जातात ते बहुतेक गोर्नरग्राटच्या आगगाडीने वर जाऊन फोटो काढायला. ट्रेकची सवय असेल तर दुसरा बेत जास्त चांगला. झेरमाटहून केबलकारने २५८३ मीटरवरच्या श्वार्झसेला जायचं आणि तिथून पायी हॉर्नली हटपर्यंत. चढ सातशे मीटरच्या जवळपास, चालायला दोन ते अडीच तास. वाटेत लोखंडी पूलवजा मार्गिका आणि काही ठिकाणी आधाराचे दोर आहेत, उंचीची फार भीती असेल तर अवघड जाईल. हट साधारण जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उघडी असते. नुसता चहा घ्यायलाही जाता येतं, मुक्काम करायलाच हवा असं नाही.

हटच्या मागेच धारेचा पहिला कातळ आणि पहिला जाड दोर दिसतो. त्याला हात लावून परत या. गाईड आणि साहित्य नसेल तर त्याच्या पुढे एक पाऊलही नको. दुपारी उतरताना घाई होते, म्हणून श्वार्झसेहून खाली येणाऱ्या शेवटच्या केबलकारची वेळ सकाळी तिकीट काढतानाच विचारून ठेवा. ती चुकली तर झेरमाटपर्यंत आणखी जवळपास हजार मीटर पायी उतरावं लागतं.